वितरित साठवण आणि ‘एक्सक्लुझिव्ह लॉक’

पनवेलजवळ जुलै २०२० मध्ये योट्टा या कंपनीचे ७,२०० रॅकांचे डेटा सेंटर सुरू झाले. तेथे कोणती आज्ञावली वापरतात, हा प्रस्तुत विषय नव्हे. परंतु इतके सर्व्हर एकत्र आले म्हणजे त्यांपैकी एखादा बंद पडणे ही नित्याचीच बाब होते. म्हणून व्हर्च्युअल मशीनची डिस्क कोणा एका सर्व्हरवर न ठेवता वितरित साठवणीत ठेवावी लागते. या जोडणीच्या एकाच अंगाचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

सेज वाइल व त्यांचे सहकारी यांचा ‘सेफ’ प्रणालीवरील निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. माहितीचा तुकडा कोठे आहे हे कोष्टकात न शोधता गणनेने ठरवावे, ही त्यातील कल्पना निःसंशय मोलाची आहे. तथापि तो निबंध फाइलव्यवस्थेविषयी होता, आणि फाइलव्यवस्था अनेकांनी एकाच वेळी वापरावयाची असते. व्हर्च्युअल मशीनला डिस्क पुरविणारा ‘आरबीडी’ हा भाग मागाहून आला. डिस्कचा धनी एकच, असे तीवरील ‘एक्स्ट४’ गृहीत धरते.

आरबीडीत ‘एक्सक्लुझिव्ह लॉक’ नावाची सोय आहे. नावावरून वाचकाची समजूत होते की, दुसऱ्या कोणास त्या डिस्कवर लिहिताच येणार नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. दुसऱ्याने कुलूप मागितले की पहिला, हातचे काम संपवून, ते सोडून देतो. म्हणजे हे कुलूप पाळी लावते. मालकी ठरवीत नाही.

आता असे समजा की, एका सर्व्हरचे व्यवस्थापनाचे जाळे तुटले, पण साठवणीचे शाबूत आहे. व्यवस्थापक आज्ञावली त्यास मृत मानते व तेच मशीन अन्यत्र सुरू करते. मग दोघे आळीपाळीने एकाच डिस्कवर लिहितात, प्रत्येक जण आपल्या स्मृतीतील जुन्या चित्रावर विसंबून. डिस्कचा नाश होतो. आणि साठवण त्या नाशाच्याही तीन प्रती इमानाने राखते!

दोष साठवणीचा, असे मात्र म्हणता येत नाही. चालू मशीन हलविताना दोन्ही सर्व्हरांनी काही क्षण तीच डिस्क उघडलेली असते. हे स्थलांतर आहे की खोटा पुनर्जन्म, हे केवळ व्यवस्थापकासच ठाऊक असते. तेव्हा पहिल्या सर्व्हरची वीज तोडणे किंवा साठवणीत त्याचा पत्ता निषिद्ध करणे, हे त्याचेच कर्तव्य ठरते. ‘प्रॉक्समॉक्स’मध्ये बहुमतापासून तुटलेला सर्व्हर वॉचडॉगमुळे स्वतःच पुन्हा सुरू होतो, व त्यानंतरच मशीन अन्यत्र उठते. ‘ओपनस्टॅक’मधील ‘इव्हॅक्युएट’ आज्ञा मात्र सेवा बंद दिसते एवढे पाहते. सर्व्हर खरोखर मेला आहे ना, याची खात्री चालकाने करावयाची असते. हा भेद आम्हांस वेगाच्या आकड्यांहून अधिक महत्त्वाचा वाटतो. अभ्यासकाने प्रयोगशाळेत व्यवस्थापनाच्या जाळ्याची तेवढी केबल काढावी, आणि मग डिस्कवर कोण लिहितो ते पाहावे.