संकासुराचा प्रश्न : कंपन्यांची प्रतिमा आणि आपला उपहास

2018 च्या जत्रांच्या दिवसांत देवगड तालुक्यातल्या एका देवळासमोर मी दशावतार पाहत बसलो होतो. नेहमीप्रमाणे एक बाकडे, पायपेटी, मृदंग आणि झांज, एवढाच संसार. पूर्वरंगात गणपती आणि रिद्धी-सिद्धी येऊन गेल्या आणि मग काळ्या वेशातला संकासूर आला. त्या रात्रीचा भटजी पुस्तकी मराठीत बोलत होता. तो म्हणाला, "संकासुरा, आता आपल्या भागात हरित प्रकल्प येणार."

"हरित म्हंजे?"

"म्हणजे हिरवा."

"हिरवो? आमचो सडो पावसात हिरवोच आसता. मगे ह्यो नवीन काय हाडतलो?"

"अरे, रंगाने हिरवा नव्हे."

"रंगान नाय, तर मगे कशान हिरवो?"

भटजीला उत्तर सुचले नाही, किंवा त्याने सुचू दिले नाही. लोक पोट धरून हसले. प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन्ही गट त्या गर्दीत होते आणि दोघेही हसले, ही गोष्ट मी त्या रात्री वहीत टिपून ठेवली. हा लेख त्या टिपणातून वाढला आहे. मोठ्या कंपन्या आपली प्रतिमा उजळतात तेव्हा त्यांचा उपहास कसा करावा, हा माझा प्रश्न आहे. मराठी लिखित उपहासाला हे काम अजून नीट साधलेले नाही आणि संकासुराला ते फार पूर्वीपासून साधलेले आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी तो प्रकल्प. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांनी 2017 मध्ये रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स ही संयुक्त कंपनी स्थापन केली. वर्षाला 6 कोटी टन क्षमता आणि सुमारे 3 लाख कोटी रुपये खर्च असा तो आराखडा होता. 2018 मध्ये सौदी अराम्को आणि अबूधाबीची ॲडनॉक या कंपन्याही सोबत आल्या. राजापूर तालुक्यातल्या नाणारचे नाव सगळ्यांना माहीत झाले; पण आराखड्यात आमच्या सिंधुदुर्गातली गिर्ये आणि रामेश्वर ही देवगड तालुक्यातली गावेही होती, हे जिल्ह्याबाहेर फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. मार्च 2019 मध्ये सरकारने तिथले भूसंपादन रद्द केले. पुढे बारसूची चर्चा सुरू झाली आणि एप्रिल 2023 मध्ये तिथल्या माती-परीक्षणावरून आंदोलन पेटले. या सगळ्या काळात भाषणांत, फलकांवर आणि बातम्यांत एक शब्द कायम राहिला : ग्रीन रिफायनरी.

हा शब्द मी काही महिने तपासत होतो. उद्योगांच्या परिभाषेत 'ग्रीनफिल्ड' प्रकल्प म्हणजे ज्या जागेवर आधी कारखाना नव्हता अशा कोऱ्या जागेवर उभा राहणारा प्रकल्प. जुन्या कारखान्याच्या जागेवर उभा राहतो तो 'ब्राऊनफिल्ड'. कोकणातली रिफायनरी या अर्थाने ग्रीनफिल्ड होतीच, आणि कागदोपत्री तसे म्हणण्यात काहीच खोटे नव्हते. पण 'ग्रीनफिल्ड' आणि 'ग्रीन' यांच्यातले अंतर बोलता बोलता केव्हा पुसले गेले ते कळलेही नाही. पहिल्या शब्दात हिरवेपणा जमिनीचा आहे, आणि तो जाणार आहे. दुसऱ्या शब्दात तोच हिरवेपणा कारखान्याच्या नावावर चढला आहे. सातबाऱ्यावर जमीन चढण्याआधी विशेषण चढले. हे कोणी ठरवून केले असे मी म्हणत नाही. प्रतिमा उजळण्याचे काम बहुधा असेच चालते. सरळ खोटे बोलावे लागत नाही, एक खरा शब्द थोडासा सरकवला की पुरते.

समर्थकांकडे याचे उत्तर होते. कमी गंधकाचे इंधन, सांडपाण्याचा पुनर्वापर आणि भोवती झाडांचा हरितपट्टा या अर्थाने रिफायनरी हिरवी, असे ते सांगत. उत्तर अगदीच पोकळ नाही. पण भारतात एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंधन कायद्यानेच सक्तीचे आहे, आणि हरितपट्टा ही तर पर्यावरण मंजुरीतली नेहमीची अट. म्हणजे कायदा पाळणे हाच गुण म्हणून मिरवला जात होता. सामाजिक दायित्वाच्या खर्चाचेही तसेच. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची आहे. शाळेतल्या पाण्याच्या टाकीवर मात्र कायद्याचे कलम रंगवलेले नसते, कंपनीचे बोधचिन्ह असते. घरपट्टी भरल्याबद्दल आपण कोणी स्वतःचा सत्कार करून घेत नाही.

कोकणाला हा अनुभव नवा नाही. एन्रॉनचा 'दाभोळ' प्रकल्प प्रत्यक्षात खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला उभा राहिला. नाव पलीकडच्या बंदराचे लागले. जानेवारी 1995 मध्ये एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले, की प्रकल्पाचा खर्च सोडून, केवळ 'शिक्षण' आणि प्रकल्प पुढे नेण्याची प्रक्रिया यांवर कंपनीने सुमारे 2 कोटी डॉलर खर्च केले. महाराष्ट्रात त्यावरून वादळ उठले. कंपनीने लाचेचा आरोप नाकारला. पण शिक्षण म्हणजे काय, कोणाचे, कोणत्या इयत्तेचे, हे प्रश्न पुढे कित्येक वर्षे सभांमधून विचारले गेले. माझ्या मते एन्रॉनवरचा सर्वांत परिणामकारक उपहास हाच होता आणि तो कोणत्याही लेखकाने लिहिलेला नव्हता. लोकांनी कंपनीचाच एक शब्द उचलला आणि त्याचा शब्दशः अर्थ विचारला. ज्या कंपनीचे जाहीर मूल्यवाक्य आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता असे होते, ती 2 डिसेंबर 2001 रोजी दिवाळखोरीत गेली.

आता लिखित उपहासाकडे. आमच्याच जिल्ह्यातल्या आरवलीचे जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने 'ललित' मासिकात साहित्यिकांच्या प्रतिमांना टाचणी लावत. मराठीत व्यक्तीची टर उडवण्याची परंपरा अशी भक्कम आहे. मंत्री, मास्तर, कारकून, कवी, संमेलनाध्यक्ष यांपैकी कोणीही सुटलेला नाही. कंपनी मात्र सुटते, कारण तिला चेहरा नसतो. मग आपला लेखक तिला चेहरा देतो : पोट सुटलेला शेठ, बोटांत अंगठ्या, तोंडात सिगार. गेल्या काही वर्षांत दिवाळी अंकांतून आणि एकांकिका स्पर्धांतून मला हा शेठ अनेकदा भेटला. वाचक हसतो आणि निश्चिंत होतो, कारण असा माणूस त्याच्या गावात कधी आलेलाच नसतो. त्याच्या गावात येतो तो पस्तिशीतला, पायात साधी चप्पल घातलेला, 'काकी, पाणी द्या' म्हणणारा, आजोळ कणकवलीकडचे असलेला जनसंपर्क अधिकारी. व्यंगचित्रातल्या शेठशी त्याचे काहीच साम्य नसते. म्हणजे आपला उपहास त्या अधिकाऱ्याचे कामच सोपे करतो.

बाहेरचे एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. भोपाळ दुर्घटनेला 20 वर्षे झाली त्या दिवशी, 3 डिसेंबर 2004 रोजी, बीबीसीवर डाऊ केमिकलचा म्हणून एक प्रवक्ता आला. डाऊने 2001 मध्ये युनियन कार्बाइड विकत घेतली होती. प्रवक्त्याने सांगितले, की कंपनी पूर्ण जबाबदारी स्वीकारते आणि पीडितांसाठी 12 अब्ज डॉलर देते. तो खोटा होता. 'द यस मेन' या अमेरिकी जोडगोळीपैकी एक. त्याने कंपनीला राक्षस केले नाही. उलट तिच्या जाहिरातीत दिसणारी सज्जन कंपनी खरोखर असती तर ती जे बोलली असती तेच तो बोलला. परिणामी खऱ्या डाऊला जाहीरपणे सांगावे लागले, की नाही, आम्ही असे काही देणार नाही. भोपाळमध्ये काही काळ खोटी आशा निर्माण झाली, हा त्यांच्यावरचा आक्षेप मला गंभीर वाटतो. पीडितांच्या जिवावर केलेला विनोद असा त्याचा एक भाग उरतोच. पण रीत ओळखीची आहे. कंपनीने स्वतःला दिलेले विशेषण खरे माना आणि मग त्याचा हिशेब मागा. संकासूरही हेच करतो. तो 'प्रकल्प वाईट आहे' असे म्हणत नाही. तो 'हिरवो' हा शब्द मान्य करतो आणि पुढचा प्रश्न विचारतो.

संकासूर हा संत नव्हे, हे इथे महत्त्वाचे. तो वेद चोरणारा असुर आहे. आमच्या लोकरंगभूमीने प्रश्न विचारण्याचे काम निष्कलंक माणसाकडे दिले नाही, चोराकडे दिले. त्यामागचे शहाणपण मला माझ्याच एका कामामुळे उमगले, ते सांगतो.

साधारण बारा वर्षांपूर्वी किनाऱ्यावर प्रकल्प आणू पाहणाऱ्या एका कंपनीची सोळा पानांची पुस्तिका एका परिचितामार्फत माझ्याकडे भाषांतराला आली. आठ हजार रुपये मिळणार होते आणि घराची कौले बदलायची होती. मूळ मजकुरात सड्यासाठी जो इंग्रजी शब्द होता त्याला मी 'पडीक जमीन' असा प्रतिशब्द दिला. शब्दकोशाप्रमाणे तो बरोबरच होता. त्या सड्यावर पावसाळ्यात कोणती फुले येतात, कोणत्या खळग्यात पाणी दिवाळीपर्यंत टिकते, हे मला पाठ होते. अशाच सड्यांवर कातळशिल्पे सापडतात, हेही मला माहीत होते. पुढे 2022 मध्ये आमच्या मालवण तालुक्यातल्या कुडोपीसह कोकणातल्या अशा जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. तरी मी 'पडीक' लिहिले. संध्याकाळी मजकूर काकीला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पडीक? मगे आमची ढोरां खंय चरतत?"

मी शब्द बदलला नाही. पुस्तिका छापून आली, कौले बदलली गेली. तो प्रकल्प नंतर बारगळला, पण त्याचे श्रेय माझे नाही. माझ्यासारख्या माणसाने कंपन्यांच्या भाषेची चिकित्सा करताना आधी हे सांगायला हवे, की ती भाषा आकाशातून पडत नाही. ती आमच्यासारखेच कोणीतरी, मराठीवर प्रेम करणारे, थोड्या पैशांसाठी घडवतात.

दिवाळी अंकांनाही हे लागू आहे. 1909 च्या 'मनोरंजन'पासून ही परंपरा वाचकांच्या वर्गणीइतकीच जाहिरातींवर जगत आली आहे. हा लेख तुम्ही वाचाल तेव्हा मागच्या-पुढच्या पानावर एखाद्या बँकेची किंवा इंधन कंपनीची पणती तेवत असेल. जाहिराती घेऊ नयेत, असे मी म्हणणार नाही. मग अंकच निघणार नाहीत. पण त्या पानांवरची विशेषणेही आपण वाङ्मयासारखीच वाचावीत, एवढी अपेक्षा समीक्षेकडून ठेवायला हरकत नाही.

आणि प्रश्न एकाच बाजूला विचारून चालणार नाही. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून आम्हीही आमची प्रतिमा उजळतच आहोत : स्वच्छ, शांत, अस्पर्श कोकण. हे 'अस्पर्श' कोकण कुलपे लागलेल्या घरांचे आहे, तिशीच्या आत मुंबई-गोव्याला गेलेल्या पोरांचे आहे. रिफायनरी हवी म्हणणाऱ्यांत अशा घरांतले आईबाप होते आणि त्यांची निकड खरी होती. विरोधाच्या फलकांवरचे आमराईचे चित्र त्यांना उत्तर देत नव्हते. संकासुराने तिथेही विचारले असते, की अस्पर्श म्हणजे कोणी हात लावला नाही की हात लावायला कोणी उरले नाही? त्या रात्री दोन्ही गट हसले त्याचे कारण हेच असावे. तो कोणाच्या बाजूचा नव्हता, तो शब्दाच्या मागे लागला होता.

उपहासाने प्रकल्प थांबत नाहीत. ते थांबतात किंवा पुढे जातात ते मोर्चांनी, न्यायालयांनी, निवडणुकांनी आणि पैशांनी. पूर्वरंगाच्या शेवटी विष्णू येऊन संकासुराला मारतो आणि खरे आख्यान सुरू होते. प्रेक्षकांना हे ठाऊक असते. पण जनसुनावणीला बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला 'ग्रीन म्हंजे काय?' असे न लाजता विचारता आले, तर ते धैर्य त्याच्यात कुठून आले याचा एक माग देवळासमोरच्या त्या बाकड्यापर्यंत जातो, असे मला वाटते.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा जत्रांचा हंगाम तोंडावर असेल. अलीकडे वेळ वाचवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी पूर्वरंग आटोपता घेतात, कुठे कुठे गाळतातही. लोकांना युद्धे आणि रोषणाई हवी असते, असे मंडळवाले सांगतात. आमच्या गावच्या जत्रेत यंदा संकासुराला पूर्ण अर्धा तास द्यावा, असे मी देवस्थानच्या मानकऱ्यांना सांगून आलो आहे. त्यांनी 'बघूया' म्हटले आहे. मंडपाच्या खर्चासाठी यंदा एक कंपनी पुरस्कर्ती म्हणून मिळाली आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगितले.