गल्लीतील मुलगी आणि मराठी साहित्य

मनुष्याची ओळख घडविण्यात कुळाचा, भाषेचा आणि धर्माचा वाटा किती, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. परंतु ज्या आळीत, चाळीत किंवा मोहल्ल्यात त्याचे बालपण गेले, त्या चार-दोनशे पावलांच्या मुलखाने त्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय वसूल केले, याचा हिशेब आपल्या साहित्याने मुख्यतः मुलग्यापुरताच मांडला. मुलीच्या बाबतीत तो हिशेब उपोद्घातापुरता होतो आणि विवाहाच्या प्रकरणाशी येताच बंद पडतो. ही उणीव लहान नाही. भिवंडीसारख्या शहराकडे दृष्टी वळविली म्हणजे तिची खोली विशेष जाणवते, कारण तेथे गल्ली ही केवळ राहण्याची जागा नसून उद्योगाची, भाषेची, भयाची आणि आधाराची एकत्रित संस्था आहे.

मुलग्यांच्या मुलखाचे चित्रण मराठीत किती समृद्ध आहे हे प्रथम पाहू. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने 1965 साली मुंबईच्या नाक्यावरील तरुणांची भाषा आणि वासना निर्भीडपणे साहित्यात आणली. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’पासून पुढच्या पुस्तकांतून बेळगावकडच्या परिसरात ज्या तन्मयतेने हिंडतो, ती तन्मयता मराठी गद्याचे भूषण ठरली आहे. मिलिंद बोकिलांच्या 2004 मधील ‘शाळा’ने आणीबाणीच्या काळातील किशोरवयीन मुलांचे रस्ते, वर्ग आणि गुप्त बैठकीच्या जागा एका पिढीच्या स्मरणात कायम केल्या. या तिन्ही लेखकांची प्रकृती परस्परांहून अत्यंत भिन्न असली, तरी एक गोष्ट समान आहे: त्यांच्या मुलांना हिंडता येते. त्यांचा परिसर त्यांच्या पायांनी मोजलेला असतो. नाक्यावरून जाणारी मुलगी या पुस्तकांत आहेच, पण ती पाहिली जाते. तिला स्वतःला तो नाका कसा दिसतो, तो टाळून जाण्यासाठी ती कोणती वाट धरते, हे कळायला मार्ग राहत नाही. मुलगा गल्ली पाहत मोठा होतो आणि मुलगी गल्लीच्या नजरेखाली मोठी होते. म्हणून एकच जागा दोघांच्या लेखनात दोन निराळे प्रदेश म्हणून अवतरायला हवी.

हे कार्य अन्यत्र कसे साधले याचे एक उदाहरण येथे घेणे अप्रस्तुत ठरणार नाही. मेक्सिकन वंशाच्या कुटुंबात शिकागो येथे 1954 साली जन्मलेल्या सँड्रा सिस्नेरोस यांचे ‘द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट’ हे छोटे पुस्तक 1984 साली प्रसिद्ध झाले. एस्पेरांझा नावाच्या मुलीने सांगितलेल्या चव्वेचाळीस त्रोटक प्रकरणांत ते विभागलेले आहे. नवऱ्याने कोंडून ठेवलेली शेजारीण, खिडकीशी आयुष्य घालविणाऱ्या बायका, घरकाम उरकून रात्री अभ्यास करणारी मैत्रीण, अशा एकेका घराशी ती मुलगी क्षणभर थांबते आणि त्या प्रत्येक घराच्या संदर्भात आपण कोण होणार आणि कोण होणार नाही, याचा निर्णय हळूहळू करीत जाते. तिला ती गल्ली सोडावयाची आहे, परंतु ज्यांना सोडता येणार नाही त्यांच्यासाठी परत येण्याचे ऋणही ती शेवटी मान्य करते. गल्लीविषयीची लाज आणि गल्लीविषयीची निष्ठा ही दोन्ही एकाच मनात, एकमेकींना खोटे न पाडता नांदू शकतात, हे त्या पुस्तकाने सिद्ध केले.

मराठी स्त्रीलेखन याबाबतीत दरिद्री आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधील वडिलांच्या सोवळ्याने ग्रासलेले बालपण वाचकाच्या मनातून जात नाही, तथापि त्या ग्रंथाचा खरा विस्तार विवाहानंतरचा आहे आणि तसे होणे त्या काळात अपरिहार्यही होते, कारण अकराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला स्वतःची अशी गल्ली किती काळ लाभणार? विभावरी शिरूरकरांनी 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून शिकलेल्या अविवाहित मुलीचे मन प्रथमच उघड केले, आणि 1950 मध्ये ‘बळी’ लिहून तारेच्या कुंपणात, हजेरीच्या धाकात जगणाऱ्या सोलापूरच्या वसाहतीचे चित्र उभे केले. परंतु पहिल्या पुस्तकात मन आहे तेथे वस्ती क्षीण आहे, आणि दुसऱ्यात वस्ती आहे तेथे लेखिका कितीही सहृदय असली तरी बाहेरून आलेली आहे.

हे अंतर पुष्कळ अंशी मिटविले ते दलित स्त्रियांनी. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मधील महारवाडा, त्यातील घरे, आषाढातील सण, अंगात येणारी दैवते आणि सुनांचा छळ, यांचे वर्णन इतके समक्ष आहे की सरकारी दप्तरातील कोणताही अहवाल त्याच्या पासंगाला पुरणार नाही. तेथे कथन करणारी ‘मी’ नसून ‘आम्ही’ आहे. हे त्या ग्रंथाचे सामर्थ्य आहे आणि पुढच्या पिढीच्या लेखिकेसाठी ती एक मर्यादाही ठरते, कारण साऱ्या वस्तीची साक्ष देणाऱ्या मुलीला आपले खाजगी स्वप्न त्या साक्षीत नोंदवायला संकोच वाटतो. उर्मिला पवार यांनी 2003 च्या ‘आयदान’मध्ये हा संकोच धैर्याने दूर सारला. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्यात बांबूच्या टोपल्या विणणारी आई, डोक्यावर ओझे घेऊन डोंगरवाटेने बाजाराला जाणाऱ्या बायका आणि त्यांच्यातून वेगळी होऊ पाहणारी मुलगी, ही तिन्ही त्या आत्मकथनात एकमेकींशी भांडत आणि एकमेकींना धरून राहतात. मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ 1984 साली आले. शाहीर पित्याच्या सहवासातील मुंबईचे कामगारवस्तीचे वातावरण त्यात जिवंत आहे, परंतु त्या पुस्तकावरील सारी चर्चा वैवाहिक जीवनाच्या प्रकरणांभोवतीच फिरत राहिली. वाचकांनीही मुलीपेक्षा पत्नीकडेच अधिक लक्ष दिले, हा दोष लेखिकेचा नव्हे.

मुस्लिम मराठी लेखनाचा प्रवाह 1990 च्या सोलापूर येथील पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनानंतर अधिक आत्मविश्वासाने वाहू लागला. त्यापूर्वीच हमीद दलवाईंनी ‘इंधन’मध्ये कोकणातील गावाचे अंतरंग दाखविले होते. मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे प्रांजळ आत्मकथन आपल्याकडे आहे, पण त्याचा भर सहजीवनावर आहे. या संदर्भात रझिया पटेल यांचे ‘चाहूल’ मला विशेष महत्त्वाचे वाटते. मुस्लिम स्त्रियांनी चित्रपटगृहात जाऊ नये या जळगावच्या जमातीच्या फर्मानाविरुद्ध 1982 च्या सुमारास ज्या मुलीने उघड सत्याग्रह केला, तिचे ते कथन आहे. एखाद्या मुलीने शहरातील कोणत्या इमारतीच्या दारातून आत जावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तेथे प्रथमच मराठीत इतक्या स्पष्टपणे विचारला गेला. आणि हाच प्रश्न प्रत्येक मोहल्ल्यातील प्रत्येक मुलीच्या वाढत्या वयाचा गाभा असतो.

आता भिवंडीकडे येऊ. कामवारी नदीच्या काठचे हे गाव मुंबई-आग्रा मार्गावरील जुनी पेठ. 1857 नंतर उत्तरेतून स्थलांतर केलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग आणले, पुढे यंत्रमाग आले, आणि 1982 च्या गिरणीसंपाने मुंबईतील कापडधंद्याचा कणा मोडल्यावर येथील मागांचा पसारा अफाट वाढला. निजामपुरा आणि जुन्या मोहल्ल्यांत मराठीचीच बोली बोलणारे कोकणी मुसलमान, उर्दूत वाढलेले मोमीन, पद्मानगरात तेलुगू बोलणारे पद्मशाली, भोवतालच्या गावांत आगरी आणि तालुक्यात वारली, शिवाय उत्तर प्रदेश-बिहारातून आलेले कामगार: इतक्या भाषा जेथे एका रस्त्यावर भेटतात, तेथील मुलीची मराठी ही महाराष्ट्रातील एक अपूर्व मराठी असणार यात शंका नाही.

परंतु भिवंडी लिहिली कोणी? मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली, तिची तहकीकात न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. साक्षी आणि जबान्या नोंदविल्या गेल्या, मिरवणुकीचा मार्ग दप्तरात दाखल झाला. त्या दंगलीनंतर भीष्म साहनी भिवंडीत आले, उद्ध्वस्त वस्तीतून हिंडताना त्यांना रावळपिंडीची 1947 सालची स्मृती अनावर झाली आणि ‘तमस’ ही कादंबरी जन्मली. भिवंडीने अशा रीतीने भारतीय साहित्याला एक थोर कलाकृती दिली, परंतु तिच्यात भिवंडी नाही, रावळपिंडी आहे. मे 1984 मध्ये शहर पुन्हा जळाले. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला, डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, आणि त्या अनुभवावर खोपडे यांनीच ग्रंथ लिहिला. न्यायाधीश, पाहुणा कादंबरीकार आणि पोलीस अधिकारी या तिघांनी आपापले कर्तव्य उत्तम पार पाडले. ज्यांच्या दारासमोर हे सारे घडले, त्या घरांतील मुलींचा आवाज मात्र मराठी वाङ्मयात उमटलेला नाही.

1970 च्या मे महिन्यात जन्मलेली मुलगी 1984 च्या मे महिन्यात चौदा वर्षांची झाली आणि शहर शांत राहिले त्या डिसेंबरात बावीस वर्षांची. म्हणजे दोन दंगलींच्या तारखांमध्ये जी वर्षे इतिहासाने कोरी सोडली, तेच तिचे संपूर्ण बालपण. त्या कोऱ्या वर्षांत काय होते? खाली माग आणि वर कुटुंब अशा घरात जमीन दिवसभर थरथरते. कापसाचे तंतू केसांत आणि भातात उतरतात. आई कांड्या भरते आणि मागाच्या आवाजावरून ओरडून बोलण्याची सवय झाल्यामुळे तिची साधी विचारपूसही रागावल्यासारखी ऐकू येते. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर असल्यामुळे वीज जाऊन जी शांतता पसरते ती सुखाची नसते. मुलीला अभ्यासाला निवांतपणा मिळतो आणि त्याच क्षणी घरात चिंता शिरते. एकट्या कामगारांसाठी चालणाऱ्या बिस्सीच्या, म्हणजे खाणावळीच्या, घरातील मुलगी रोट्या मोजते आणि कोणाकडे किती बाकी हे वहीत टिपते. पत्र लिहिण्यापूर्वी ती जमाखर्च लिहायला शिकते. ज्या वयात भाऊ नाक्यापर्यंत जाऊ लागतो, त्याच वयात तिची हद्द दारापर्यंत मागे सरकते. तरीही, घरी माणसे नसताना जेवू घालणारी आणि आजारपणात रात्र जागविणारी शेजारीण त्याच गल्लीत असते, आणि संध्याकाळी उशीर झाल्याची चहाडी करणारीही बहुधा तीच असते.

इतके द्रव्य असून पुस्तक का नाही, याची कारणे मला चार दिसतात. पहिले, भिवंडीहून आलेल्या लेखनाने दंगलीविषयीच बोलावे अशी आपली अपेक्षा. तिच्यामुळे शांततेच्या चौदा वर्षांना वाङ्मयीन मूल्य उरत नाही. दुसरे, शाळांची भाषावार विभागणी: एकाच रस्त्यावरील मुली मराठी, उर्दू आणि तेलुगू माध्यमांत वाटल्या जातात आणि शेजारणीचे लेखन शेजारणीला वाचता येत नाही. तिसरे, शुद्धलेखनाच्या नावाखाली संमिश्र बोलीचे तेज घालविणारी आपली संपादनपद्धती. कोकणातील किंवा मराठवाड्यातील बोलीला आपण जो मान अखेरीस दिला, तो यंत्रमागाच्या शहरातील बोलीला अजून दिलेला नाही. चौथे आणि सर्वांत कठीण, अब्रूची धास्ती: गल्ली लिहायची म्हणजे शेजाऱ्यांना लिहायचे, आणि ज्यांच्यात राहायचे आहे त्यांना लिहिण्याचे मोल मुलगी मुलग्यापेक्षा फार अधिक देते.

यांवर उपाय आहेत. सलग आत्मचरित्राचा आग्रह सोडून लहान, स्वयंपूर्ण प्रकरणांचा घाट स्वीकारला, तर एका वेळी एका घराशी थांबता येते आणि अवघ्या समाजाची साक्ष देण्याचे ओझे उतरते. एस्पेरांझाचे उदाहरण त्याकरिताच मोलाचे आहे. जी. एम. मोमीन महिला महाविद्यालयासारख्या संस्थांत आज त्या मोहल्ल्यांतील मुली शिकत आहेत. त्यांच्या वर्गांत मराठी आणि उर्दू यांच्या अध्यापकांनी एकत्र बसून लेखनाचा पाठ घ्यावा, दिवाळी अंकांच्या संपादकांनी त्यांतील मजकूर बोलीसह जसाच्या तसा छापावा, आणि समीक्षकांनी तो समाजशास्त्राचा पुरावा म्हणून नव्हे तर साहित्य म्हणून तपासावा, म्हणजे त्यातील कच्चेपणाही निःसंकोच दाखवावा.

यंत्रमागाचा धंदा आज डबघाईस येत आहे आणि शहराभोवती गोदामांच्या रांगा उभ्या राहत आहेत. ज्या गल्लीने त्या मुलीला आवाज मोठा करायला आणि नजर खाली ठेवायला एकाच वेळी शिकविले, ती गल्ली आणखी एका पिढीनंतर त्याच रूपात असेल याची शाश्वती नाही. म्हणून हे लेखन लवकर व्हावे, आणि ते बाहेरून आलेल्या दयाळू लेखकाने नव्हे, तिने स्वतः करावे. आपल्या बाजूने आपण इतकेच करायचे आहे की, ती लिहू लागेल तेव्हा तिच्याकडे दंगलीची जबानी मागू नये. तिने कोणाच्या ओट्यावर बसून काय स्वप्न पाहिले, हे विचारावे.