तक्रार नाही, म्हणजे चूक नाही?

मूल हॉस्पिटलमधून घरी आलं की काही दिवसांनी पालकांकडे एक प्रश्नावली येते. अमेरिकेत यासाठी ‘चाइल्ड एचकॅप्स’ नावाची ६२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. उपचार कितपत सुरक्षित वाटले, हे पालकांना विचारायलाच हवं. पण त्यांच्या उत्तरांतून आपण नेमकं काय मोजतो?

आधी चांगलं काय ते बघू. औषध देण्यापूर्वी मुलाच्या मनगटावरची पट्टी तपासून ओळख पटवली का, आणि किती वेळा, असं त्यात विचारलंय. हा प्रश्न मला आवडतो, कारण उत्तर द्यायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही, डोळे उघडे असले की पुरे. उपचारात चूक होतेय अशी शंका आली तर ती कुठे सांगायची, हे स्टाफनं सांगितलं का, असाही प्रश्न आहे. पण ‘तुम्हाला काही चुकलेलं दिसलं का?’ असं सरळ कुठे विचारलेलं नाही.

तसं विचारलं तर काय होतं? अलीशा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. ३८३ पालकांपैकी ३४ जणांनी ३७ घटना सांगितल्या. डॉक्टरांनी त्या तपासल्या तेव्हा २३ खरोखरच वैद्यकीय चुका ठरल्या. त्यातल्या १३ चुकाच मुलांच्या वैद्यकीय नोंदींमध्ये सापडल्या. म्हणजे उरलेल्या १० पालकांनी सांगितल्या म्हणून कळल्या.

पण इथेच खरी गोम आहे. या अभ्यासात फक्त इंग्रजी बोलणारे पालक होते. आणि ज्या मुलांच्या बाबतीत चुका नोंदल्या गेल्या, त्यांच्यात वर्षाला एक लाख डॉलरच्या वर उत्पन्न असलेली घरं जास्त दिसली. श्रीमंतांच्या मुलांवर उपचार करतानाच जास्त चुका होतात, असं म्हणायचं का? मला वाटतं, त्यांना बोलायची भीती कमी असते.

खान यांच्याच गटाचा २०२० चा अभ्यास ही शंका आणखी गडद करतो. उत्तर अमेरिकेतली सात हॉस्पिटलं, आणि अरबी, चिनी, इंग्रजी, स्पॅनिश बोलणारे पालक. इंग्रजी सहज न जमणाऱ्या पालकांच्या १७.७ टक्के मुलांना उपचारांतून काही ना काही अपाय झाला होता. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण ९.६ टक्के होतं. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथेच बोलणं अवघड. अशा पालकांचा कोरा फॉर्म बघून ‘सगळं ठीक होतं’ असं कोणी म्हणालं, तर ती मोजणी फसवी आहे.

त्या अभ्यासात मराठी नव्हती. पण आपल्या घरातलं तुम्हाला माहीतच आहे. ‘डॉक्टरांना उलट कसं विचारायचं?’ हे वाक्य किती वेळा ऐकलंय? रात्रभर उशाशी बसलेल्या आजीला सलाईन थांबलेलं दिसतं, पण फॉर्म तिच्याकडे येत नाही. आणि ‘रुग्णसुरक्षेबाबत आपण कितपत समाधानी आहात?’ असं भाषांतर करून विचारलंत, तर ती ‘छान होतं सगळं’ असंच म्हणेल. ‘आजी, रात्री काही वेगळं घडलं का? औषध देताना नाव विचारलं का?’ असं विचारून बघा.

म्हणून माझा आक्षेप प्रश्नावलीवर नाही, तिच्या आकड्यांवरून घाईनं निष्कर्ष काढण्यावर आहे. किती पालक समाधानी, यासोबत कोणत्या भाषेत विचारलं आणि कोणी उत्तरच दिलं नाही, हेही छापा. तुमच्यापैकी कोणी या क्षेत्रात संशोधन करत असाल, तर सुरुवात इथून करा. आणि घरचं मूल ॲडमिट असेल, तर आई-बाबांसाठी दुभाषी मागायला लाजू नका. सरकारी निधी घेणाऱ्या अमेरिकन हॉस्पिटलांना तो मोफत द्यावाच लागतो. तुम्ही तिथे भाषांतर करत बसलात, तर मुलाकडे लक्ष कोण देणार?