वैद्यकीय खर्चाचे कोडे आणि भरपाईची मर्यादा : अतुल गावंडे यांच्या एका निबंधाची चिकित्सा

अमेरिकेत वैद्यकीय सेवा एवढी महाग का, या प्रश्नाला तेथील डॉक्टरवर्ग अनेक दशके एक ठरावीक उत्तर देत आला आहे. रुग्ण न्यायालयात खेचतील या भीतीने अनावश्यक तपासण्या कराव्या लागतात. सबब निष्काळजीपणाच्या दाव्यांना कायद्याने लगाम घातला की खर्च आपोआप उतरेल, असे ते उत्तर होय. अतुल गावंडे यांचा ‘द कॉस्ट कॉनन्ड्रम’ हा निबंध (‘न्यूयॉर्कर’, जून २००९) या उत्तराला छेद देतो. गावंडे हे शल्यचिकित्सक. त्यांचे घराणे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे, आणि त्यांच्या आजीच्या नावाचे महाविद्यालय उमरखेडला आहे. मराठी वाचकाला हे नाते सुखावणारे असले तरी निबंधाचे मूल्यमापन त्यावर विसंबता येत नाही.

निबंधाचे केंद्र टेक्सासमधील मॅकॲलन हे सीमेलगतचे शहर आहे. ‘मेडिकेअर’ या वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने २००६ साली तेथे दरडोई सुमारे १५,००० डॉलर खर्च केले. हा खर्च राष्ट्रीय सरासरीच्या जवळपास दुप्पट, तर त्याच राज्यातील एल पासोच्याही दुप्पट होता. स्थानिक डॉक्टरांबरोबरच्या भोजनप्रसंगी कोणी दाव्यांचे कारण पुढे करतो. पण टेक्सासने २००३ मध्येच शारीरिक-मानसिक वेदनांपोटी डॉक्टरांकडून मिळणाऱ्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली होती, हे तेथेच निघते आणि सहकारीच त्या युक्तिवादाची बोळवण करतात. हा प्रसंग निबंधातील सर्वांत परिणामकारक होय.

तथापि प्रसंग म्हणजे पुरावा नव्हे. मॅकॲलन आणि एल पासो ही दोन्ही शहरे एकाच कायद्याखाली येतात. त्यांच्या तुलनेतून शहरांमधील फरक दाव्यांच्या भीतीमुळे नाही एवढेच सिद्ध होते. कायद्याने दोन्हीकडचा खर्च घटला की नाही, हे ठरविण्यास कायद्यापूर्वीची आणि नंतरची आकडेवारी हवी, ती निबंधात नाही. शिवाय २०१० मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’मध्ये आलेल्या अभ्यासात, ६५ वर्षांखालील खासगी विमाधारकांवरील मॅकॲलनमधील खर्च एल पासोपेक्षा सुमारे सात टक्के कमीच आढळला. डॉक्टरांच्या अर्थलोभी वृत्तीविषयीचा गावंडे यांचा निष्कर्ष त्यामुळे डळमळीत होतो. कायद्याविषयीचा त्यांचा अंदाज मात्र टिकला. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ऑक्टोबर २००९ मध्ये, देशभर अशा सुधारणा केल्यास एकूण वैद्यकीय खर्चात जेमतेम अर्धा टक्का बचत होईल, असे अनुमान मांडले. टेक्सासवरील नंतरच्या संशोधनात दावे व भरपाई मोठ्या प्रमाणात घटल्याचे दिसले, पण मेडिकेअरचा खर्च उतरल्याचे दिसले नाही.

निबंधाची खरी उणीव याहून वेगळी आहे. बुडालेले वेतन आणि उपचारांचा खर्च यांवर टेक्सासमध्ये अशी मर्यादा नाही. ती आहे केवळ वेदनांच्या भरपाईवर. परिणामी गृहिणी, बालक, निवृत्त वृद्ध, म्हणजे ज्यांचे वेतन बुडतच नाही, त्यांचा दावाच मुख्यतः या मर्यादेत अडकतो. अमेरिकेत वकील बहुधा भरपाईतील हिश्श्यावर काम करतो. तज्ज्ञ साक्षीदारांचा खर्चही त्यालाच उचलावा लागतो. असे दावे घेणे त्याला परवडत नाही. टेक्सासची ही रक्कम महागाईशी जोडलेली नाही. कॅलिफोर्नियात तर १९७५ साली ठरलेली हीच रक्कम २०२२ अखेरपर्यंत कायम होती.

गावंडे यांना हे परके नव्हते. ‘द मॅलप्रॅक्टिस मेस’ (२००५) या त्यांच्याच लेखात इजा झालेला रुग्ण आणि दोष सिद्ध न करता भरपाई देणारी न्यूझीलंडची पद्धत यांचा गंभीर विचार आहे. २००९ च्या निबंधात तो रुग्ण हरवतो. दावे कमी झाले ना, असे भोजनाच्या वेळी गावंडे विचारतात, आणि ते जवळजवळ शून्यावर आल्याचे उत्तर मिळते. शून्यावर आलेले ते दावे कोणाचे होते, हा पुढचा प्रश्न ते विचारीत नाहीत.