फळ्यावरचे दोन प्रश्न

सिंगापूरच्या नॅशनल गॅलरीत गेलात, तर चुआ मिया टी यांच्या १९५९ सालच्या ‘नॅशनल लँग्वेज क्लास’ या तैलचित्रापुढे जरा थांबा. त्याच वर्षी सिंगापूरला स्वशासन मिळालं. गोल टेबलाभोवती बसलेले चिनी तरुण मलाय शिक्षकाकडून मलाय शिकताहेत. फळ्यावर दोनच प्रश्न: तुझं नाव काय? तू कुठे राहतोस? चुआ स्वतः लहानपणी चीनमधून इथे आले. त्यामुळे हे प्रश्न त्यांच्याही ओळखीचे असणार. शैलीत नवं काही नाही. चित्राचं बळ आहे ते चेहऱ्यांवरच्या तन्मयतेत. आपल्या मराठी वर्गातही पहिल्या दिवशी हेच विचारतो. मुलं पाठ केलेली उत्तरं घडाघडा म्हणतात. या तरुणांना भाषेबरोबर आपलं घरही शोधायचं होतं. ती ओढ मुलांमध्ये कशी रुजवायची?