सोळा घरें आणि दहा राग

संगीताच्या प्रांतांत यंत्राचें नांव निघालें कीं आपल्याकडील रसिकाच्या कपाळाला आठी पडते. ही आठी अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु तिचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे थोडें सबुरीनें घ्यावें असें वाटूं लागतें. हार्मोनियमला मींड येत नाहीं आणि तिचे स्वर आपल्या श्रुतींशीं जुळत नाहींत, या कारणास्तव नभोवाणीनें १९४० सालीं तिला हद्दपार केलें आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. त्याच पेटीनें गोविंदराव टेंबे यांच्या हातून महाराष्ट्राला कित्येक वर्षें आधींच नादावून सोडलें होतें! आक्षेप खरे होते, आणि पेटीही गात होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात, हें ध्यानांत ठेवूनच आज आम्ही एका चमत्कारिक ध्वनिमुद्रिकेचा विचार करणार आहों.

ही ध्वनिमुद्रिका म्हणजे कै. चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. ती १९८२ सालीं ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानें प्रसिद्ध केली. सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टींतील वाद्यवृंदांत वाजविणारे कलावंत. नांव पडद्यावर झळकत नाहीं, पण ज्यांच्यावांचून गाणें उभें राहत नाहीं, अशा मंडळींपैकीं ते एक. चित्रपटांत डिस्कोची लाट आलेली असतां, तबला बाजूस ठेवून राग त्या ठेक्यावर वाजवून पाहावे, अशी कल्पना त्यांच्या मनांत आली. आणि त्याकरितां त्यांनीं जपानच्या रोलंड कंपनीचीं तीन वाद्यें जुळविलीं. स्वरांसाठीं ज्युपिटर-८, तालासाठीं टीआर-८०८, आणि खर्जासाठीं टीबी-३०३. यांतील शेवटचें यंत्र हाच आमच्या विवेचनाचा मुख्य विषय होय.

अशा यंत्रास सीक्वेन्सर म्हणतात. स्वरांचा एक अनुक्रम स्मरणांत ठेवावयाचा आणि सांगितलें कीं तो हवा तितक्या वेळां बिनचूक वाजवावयाचा, हें त्याचें काम. कल्पना नवी नाहीं. नवव्या शतकांत बगदादच्या बनू मूसा बंधूंनीं पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या बांसरीचें वर्णन लिहून ठेवलें आहे, आणि झांकण उघडतांच गाणारी पेटी तर पुष्कळांनीं लहानपणीं पाहिलेली असेल. त्या पेटींत नळकांड्यावरील खुंट्या जें काम करितात, तेंच येथें वीज करते. तादाओ किकुमोतो यांनीं योजिलेलें टीबी-३०३ हें यंत्र १९८१ च्या अखेरीस बाजारांत आलें. एकट्यानें गिटार वाजविणाऱ्यास खर्जाची साथ मिळावी हा त्याचा हेतु होता. तो सफळ झाला नाहीं, व १९८४ सालीं त्याचें उत्पादन थांबलें.

त्यावर रचना करणें हा सुखाचा व्यवसाय नव्हे. एका आकृतींत जास्तींत जास्त सोळा घरें. आधीं स्वर एकामागून एक भरावयाचे. मग निराळ्यानें त्यांचा काल सांगावयाचा, म्हणजे कोठें स्वर, कोठें लांबण, कोठें स्तब्धता. त्यानंतर एखाद्या स्वरावर जोर द्यावयाचा किंवा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जावयाचें, तर त्याच्या खुणा वेगळ्या. गवई ज्या गोष्टी एका श्वासांत करतो, त्या येथें सुट्या करून एकेक हातीं घ्याव्या लागतात. यांत कंटाळा आहे. पण शिस्तही आहे. सोळाच घरें असल्यामुळें रचनाकारास विचारावें लागतें कीं या रागांतील कोणते स्वर मी पुनःपुन्हां ऐकूं इच्छितों? कोणती संगति शंभरदां आली तरी शिळी होणार नाहीं? रागाची पकड ओळखल्यावांचून या प्रश्नाचें उत्तर देतां येणार नाहीं.

आणि ‘पुनःपुन्हां’ या शब्दानें आपण दचकावें असें तरी काय आहे? स्वतंत्र तबलावादनाच्या वेळीं सारंगीवर किंवा पेटीवर जो लेहरा धरला जातो, तो काय असतो? सोळा मात्रांची एक लहानशी चाल, तासभर तीच, तिळमात्र बदल न होतां. लेहरेकरी जितका निश्चल, तितका तबलजी स्वैर. म्हणजे आवर्तनाचा आधार घेऊन मोकळें फिरणें ही आपल्याच घरची रीत आहे. सिंग यांनीं लेहरा यंत्राकडे दिला, ठेकाही यंत्राकडे दिला, आणि आपले दोन्ही हात रागासाठीं मोकळे ठेवले. ध्वनिमुद्रिकेचें मर्म आमच्या मतें या श्रमविभागांत आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप श्रुतींचा. तोडींतील गांधार जितका उतरलेला हवा तितका या पट्ट्यांवर मिळत नाहीं, हें निर्विवाद आहे. सिंग यांनीं वाद्यांतील स्वर ओढण्याच्या सोयीचा उपयोग करून ही उणीव पुष्कळशी झांकली आहे. पण झांकणें म्हणजे भरून काढणें नव्हे. उलट भूपाली, कलावती, मालकंस, बैरागी या पांच स्वरांच्या रागांत त्यांचें पाऊल निश्चित पडतें. जेथें स्वरांमध्यें मोकळी जागा अधिक, तेथें यंत्राची घसरण मींडेची आठवण करून देते. आमच्या मतें मालकंस व कलावती हे या संग्रहांतील उत्कृष्ट भाग, आणि तोडी हा सर्वांत दुबळा.

दुसरा आक्षेप असा कीं येथें आलाप नाहीं, विस्तार नाहीं, रागाची वेळ नाहीं. तो आम्हांस लागू वाटत नाहीं. नाट्यपदांत तरी विस्तार कितीसा असतो? पांच मिनिटांच्या चिजेकडे मैफलीचा हिशेब मागणें न्यायाचें नाहीं. जी वस्तु जें करूं म्हणते तेंच तिच्याकडून मागावें.

तिसरा आक्षेप मात्र खरा मर्मावर बसतो, आणि आश्चर्य हें कीं तो क्वचितच कोणी घेतो. आम्हांस तो एका वृद्ध स्नेह्यांनीं दाखविला. त्यांच्या तारुण्यांत तबल्याची तालीम झालेली. ध्वनिमुद्रिका लाविली तेव्हां ते नाक मुरडतील असें आम्हांस वाटलें होतें. पण ते बोटांवर मात्रा मोजूं लागले. दोनतीन आवर्तनें झालीं आणि ते म्हणाले, “सगळें ठीक आहे हो, पण याची खाली कुठें गेली?”

प्रश्न नेमका होता. यंत्राचीं सोळा घरें त्रितालाच्या सोळा मात्रांप्रमाणें मोजून पाहावीं. डिस्कोचा मोठा ठोका पहिल्या, पांचव्या, नवव्या आणि तेराव्या घरावर पडतो. त्रितालाचे विभागही तेथेंच सुरू होतात! गणित तंतोतंत जुळतें. पण त्रितालांत नववी मात्रा खाली असते. तेथें डग्ग्याचा घुमारा हात आंवरून घेतो, आणि त्या रिकाम्या हातामुळेंच समेची ओढ लागते. येथें चारही ठोके सारख्याच जोराचे. सगळेंच भरी असेल तर सम कशाला म्हणावयाची? यंत्रांत न वाजविण्याची सोय आहे. खालीच्या घरांतला ठोका काढून टाकणें एका बोटाचें काम होतें. तें केलें असतें तर नाचणाऱ्यांचा पाय चुकला असता, म्हणून तें झालें नाहीं. म्हणजे दोष यंत्राचा नसून निवडीचा आहे, आणि ही निवड डिस्कोनें आधींच करून ठेविली होती. यंत्रावर रचना करणाऱ्या आजच्या तरुणांस आम्ही एवढेंच सांगूं कीं, बाबांनो, कोठें वाजवावयाचें याहून कोठें थांबावयाचें तें आधीं ठरवा.

आतां स्तुतीबद्दलही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. १९८७ सालीं शिकागोच्या ‘फ्युचर’ या मंडळींचें ‘अॅसिड ट्रॅक्स’ निघालें, आणि टीबी-३०३ चा चिवचिवणारा, वळवळणारा आवाज जगभर गाजला. पुढें २०१० सालीं सिंग यांची विस्मृतींत गेलेली ध्वनिमुद्रिका हॉलंडमधून पुन्हां निघाली, तेव्हां पश्चिमेकडील रसिक थक्क झाले, आणि शिकागोचें संगीत मुंबईंत पांच वर्षें आधींच जन्मलें होतें असा डांगोरा पिटला गेला. आपल्या माणसाचें कौतुक झालेलें कोणास आवडत नाहीं? तरीही हें माप आम्हांस चुकीचें वाटतें. शिकागोकरांनीं बटणें पिळून त्या खर्जाच्या आवाजालाच नायक केलें. सिंग यांनीं त्याला सेवक ठेवून राग गादीवर बसविला. साधन एक, साध्यें दोन. दुसऱ्यानें पुढें जें केलें त्याचें पितृत्व बहाल करण्यांत सिंग यांनीं स्वतः जें केलें त्याकडे दुर्लक्षच होतें.

आणि तसें दुर्लक्ष त्यांच्या वांट्यास एकदां येऊन गेलेंच होतें. १९८२ सालीं या ध्वनिमुद्रिकेची कोणी फारशी विचारपूस केली नाहीं. शास्त्रीय संगीताचे रसिक तिला उथळ समजले असते, आणि नाचणाऱ्यांना रागांशीं कर्तव्य नव्हतें. उतारवयांत त्यांना परदेशच्या रंगमंचांवर हीच रचना वाजविण्याचा मान मिळाला, ही समाधानाची गोष्ट. २०१५ सालीं मुंबईंत ते निवर्तले. पण परक्यांनीं बोट दाखवीपर्यंत आपल्या कानांना ती ऐकूं आली नाहीं, याचा ठपका यंत्रावर ठेवतां येणार नाहीं. आठी आमच्याच कपाळावर होती.

ही ध्वनिमुद्रिका थोर आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तिच्यांत खाली नाहीं, आणि ज्या तालांत खाली नाहीं तो आमच्या जिवाला पुरता विसांवा देत नाहीं. परंतु निर्जीव अनुक्रमाला सजीव हाताची जोड देऊन राग उभा करितां येतो, हें तिनें दाखविलें आहे. सायंकाळीं तंबोऱ्याऐवजीं विजेची पेटी लावून रियाजास बसणारीं मुलें आज घरोघर आहेत. त्यांच्या वडिलांनीं एकदां कपाळावरची आठी काढून यांतील मालकंस ऐकावा, आणि नवव्या घराशीं आल्यावर काय हरवलें आहे तें मुलांना सांगावें.