गाव नमुना बारा आणि साध्या मूल्यांचा संग्रह

वर्धा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतात पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तुरीचे तास असतात, हे तेथे कोणास सांगावे लागत नाही. परंतु तेच नोंदवावयाचे झाल्यास भूखंड एक, हंगाम एक आणि पिके अनेक, असा पेच उभा राहतो. जावासारख्या भाषेतील वस्तू आणि संबंधात्मक डेटाबेस यांचा सांधा जुळविणाऱ्या प्रणालींपुढे हाच पेच असतो. वस्तूच्या पोटात पिकांच्या नावांची यादी सुखाने नांदते. तक्त्याच्या रकान्यात मात्र, कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या प्रतिमानानुसार, एकच अविभाज्य मूल्य अपेक्षित असते.

हाताशी येणारा पहिला तोडगा म्हणजे सर्व नावे स्वल्पविरामांनी जोडून एकाच रकान्यात कोंबणे. जेपीए २.१ ने २०१३ साली कन्व्हर्टरची सोय दिल्यापासून हे काम चार ओळींत आटोपते. ती सोय फसवी आहे. ‘मूग’ शोधू जाणाऱ्यास ‘भुईमूग’ही सापडतो. मागेपुढे स्वल्पविराम जोडून शोध नेमका करता येईल. पण साधा इंडेक्स तेथे कामास येत नाही, आणि पीकसूचीत नसलेले नाव शिरले तरी डेटाबेसच्या ते गावीही नसते. केवळ वाचून दाखवावयाच्या शेऱ्यांपुरता हा मार्ग चालावा.

२००९ च्या जेपीए २.० मधील एलिमेंट कलेक्शन वेगळ्या तक्त्यात प्रत्येक पिकास स्वतंत्र ओळ देते. ही बाजू निःसंशय भक्कम आहे. मात्र हायबरनेटमध्ये क्रमाच्या रकान्यावाचून यादी वापरली, तर एक पीक वगळताच त्या भूखंडाच्या सर्व ओळी पुसून उरलेल्या पुन्हा लिहिल्या जातात; यादीऐवजी संच घेतल्यास एकच ओळ पुसली जाते. पोस्टग्रेसचा अ‍ॅरे हा तिसरा मार्ग. त्यात शोध घेता येतो, पण त्यातील घटकांस पीकसूचीच्या परकीय किल्लीचे बंधन घालता येत नाही.

परंतु खरा आक्षेप याहून मुळाशी जातो. पिकाचे नाव हे ‘साधे मूल्य’ आहे काय? कागदी गाव नमुना बारात मिश्र पिकाखालील क्षेत्र, मिश्रणाचा संकेत क्रमांक, घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र असे रकाने आहेत. निर्भेळ पिकांचे रकाने निराळे. ज्याने हा नमुना आखला त्यास प्रणालीकारांच्या पुष्कळ आधी उमगले होते की, क्षेत्रावाचून पिकाचे नाव अपुरे आहे. एलिमेंट कलेक्शनमध्ये नाव आणि क्षेत्र यांची एकत्रित जोडीही ठेवता येते. मग नुसत्या नावांची यादी करण्याचा मोह का व्हावा?

दुसरी उणीव अधिक जाचक आहे. वेगळ्या तक्त्यात एकही ओळ नसेल, तर जमीन पडीक होती की पाहणीच झाली नाही? हायबरनेट दोन्ही प्रसंगी रिकामा संग्रहच परत देते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंद करू लागला. हमीभावाने तूर विकण्यास निघालेल्याकडे सातबारावरील पिकाची नोंद मागितली जाते. नोंद राहून गेलेला आणि पेरलेच नाही असा, हे दोघे त्या कोऱ्या जागेत एकच ठरतात. पाहणी हीच वस्तू मानून तिला हंगाम व दिनांक दिला आणि पिके तिच्याखाली घेतली, तर दिनांक असलेली रिकामी पाहणी म्हणजे पडीक जमीन, आणि पाहणीचीच ओळ नसणे म्हणजे राहून गेलेली नोंद, असा भेद तक्त्यातच उमटतो.